पाणी ‘वाढलं’ म्हणतात, ते तपासायचं कुणी आणि कसं?

ठाण्यातल्या १०८ घरांच्या एका सोसायटीच्या सचिव असलेल्या ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या भागात दोन वर्षांत नवा जलकुंभ झाला आणि मुख्य वाहिनीही बदलली. आता पाणीपट्टी वाढण्याची चर्चा आहे. सोसायटीत अर्धे लोक म्हणतात पाणी सुधारलं, अर्धे म्हणतात होतं तसंच आहे. ताई विचारतात, ‘विजेच्या दरवाढीवर नियामक आयोगापुढे जनसुनावणी होते, तशी पाण्याच्या सुधारणांची तपासणी कुणी करतं का? नसेल करत, तर आम्ही काय करायचं?’

ताई, मी तीसेक वर्षं पाणीपुरवठ्याच्या कामात काढली, त्यातली शेवटची बरीचशी पाण्याचा हिशेब तपासण्यात. तुमच्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचं उत्तर छोटं आहे आणि तुम्हाला ते आवडणार नाही. दुसऱ्या भागाचं उत्तर मात्र मोठं आहे, आणि तुमच्या हातात असलेलं.

महाराष्ट्रात पाण्यासाठी नियामक आहे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण २००५ च्या कायद्याने स्थापन झालं. पण ते धरणातल्या, नदीतल्या घाऊक पाण्याचं नियमन करतं. शेती, उद्योग, शहरं यांच्यात पाण्याचा हक्क कसा वाटायचा, घाऊक पाण्याचा दर काय असावा, ठरलेल्या कोट्यापेक्षा जास्त उचल केली तर किती चढा दर लावायचा, हे तिथे ठरतं. दर तीन वर्षांनी त्या दरांचा फेरविचार होतो आणि त्याआधी हरकती-सूचना मागवतात, तेव्हा सामान्य माणसालाही तिथे म्हणणं मांडता येतं. मात्र तुमच्या सोसायटीच्या नळाला किती दाबाने, किती तास पाणी येतं हा त्यांचा विषय नाही. पाणीपट्टी ठरवण्याचा अधिकार महानगरपालिकेचा आहे, आणि महानगरपालिका अधिनियमाप्रमाणे पुढच्या वर्षाचे कर व दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. पाणी देणारा, त्याचा दर ठरवणारा आणि पुरवठा सुधारला हे जाहीर करणारा असा एकच. विजेच्या बाबतीत ही कामं वेगळी केली, पाण्याच्या बाबतीत आपण ती केली नाहीत. माझ्या मते ही मोठी उणीव आहे.

इंग्लंडमध्ये १९८९ मध्ये पाणी कंपन्यांचं खाजगीकरण झालं तेव्हाच ‘ऑफवॉट’ हा नियामक आला. दर पाच वर्षांनी कंपनी आपला आराखडा मांडते, नियामक त्याची चिरफाड करतो, गळती किती कमी करायची, खंडित पुरवठा किती चालेल याची उद्दिष्टं बांधून देतो. ती चुकली तर कंपनीला ग्राहकांचं बिल कमी करून पैसे परत द्यावे लागतात. २०२५ ते २०३० साठीचा असा निर्णय डिसेंबर २०२४ मध्ये झाला. तरीही नद्यांतल्या सांडपाण्यावरून तिथे इतका असंतोष झाला की २०२५ मध्ये सरकारने ती संस्थाच मोडून नवी उभारायचं जाहीर केलं. तेव्हा नियामक आला की सगळं सुरळीत होईल असं मी सांगणार नाही. त्यांच्याकडून घ्यायची गोष्ट एकच : काम सुरू होण्याआधी आकडा लिहून ठेवायचा आणि काम संपल्यावर त्याच जागी, त्याच पद्धतीने पुन्हा मोजायचं.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारी एक व्यवस्था आहे. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने २००८ मध्ये सेवा पातळीचे निर्देशांक ठरवले. पाणीपुरवठ्यासाठी असे नऊ आहेत : सर्व घरांना नळजोडणी, माणशी दररोज १३५ लिटर, १०० टक्के मीटर, बेहिशेबी पाणी (गळती-चोरीत जाऊन बिलात न येणारं) २० टक्क्यांच्या आत, २४ तास पुरवठा, गुणवत्तेचे १०० टक्के नमुने पास, ८० टक्के तक्रारींचं वेळेत निवारण, खर्चाची पूर्ण वसुली आणि ९० टक्के बिलवसुली. तेराव्या वित्त आयोगाने अनुदानाशी जोडल्यामुळे हे आकडे आणि पुढच्या वर्षीचं उद्दिष्ट राजपत्रात छापायची पद्धत पडली. पंधराव्या वित्त आयोगानेही दहा लाखांवरच्या शहरी समूहांच्या अनुदानाला असेच निर्देशांक लावले.

यातली एक बारीक गोष्ट फार कमी लोक बघतात. प्रत्येक आकड्यापुढे त्याच्या विश्वासार्हतेची श्रेणी लिहायची असते, ए पासून डी पर्यंत. ‘ए’ म्हणजे नीट यंत्रावर मोजलेला, ‘डी’ म्हणजे अंदाजाने टाकलेला. बेहिशेबी पाणी २५ टक्के आणि श्रेणी ‘डी’ असं लिहिलेलं असेल, तर तो २५ कुणीतरी टेबलावर बसून ठरवलेला आहे असं धरा. जलकुंभाच्या बाहेर जाणाऱ्या वाहिनीवर चालू मीटर नाही आणि निम्म्या जोडण्यांना सरसकट दराने बिल लागतं, तिथे गळतीचा खरा आकडा कुणालाच काढता येत नाही. आकडा मागाल तेव्हा श्रेणीही मागा.

आता सरासरीबद्दल, कारण ‘शहराला पाणी वाढलं’ या वाक्यात सगळा घोळ तिथे आहे.

ठाणे शहराला चार दारांतून पाणी येतं. भातसा नदीवरच्या पिसे बंधाऱ्यातून उचलून टेमघरला शुद्ध होणारी पालिकेची स्वतःची योजना, घाऊक पाणी पुरवणारं स्टेम प्राधिकरण, एमआयडीसी आणि मुंबई महानगरपालिका. अलीकडच्या वर्षांतली बेरीज दिवसाला सुमारे ५८५ दशलक्ष लिटरची : स्वतःचं २५०, एमआयडीसीचं १३५, स्टेमचं ११५, मुंबईचं ८५. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १८ लाखांच्या वर होती. भागाकार केला तर माणशी ३०० लिटरच्या पुढे जातो. लोकसंख्या त्यानंतर खूप वाढली आहे, गळती वजा करायची आहे, दुकानं-कारखाने वजा करायचे आहेत, हे सगळं खरं. पण तुमच्या लक्षात आलं असेल की या आकड्यावरून मुंब्र्याच्या डोंगरउतारावरच्या किंवा दिव्याच्या टोकाच्या घरात आज सकाळी काय आलं ते कळत नाही. पलीकडे नवी मुंबईकडे खालापूर तालुक्यात स्वतःचं मोरबे धरण आहे, भोकरपाड्याला रोज ४५० दशलक्ष लिटर क्षमतेचं शुद्धीकरण केंद्र आहे. शहराच्या हक्काचं असं धरण फार थोड्या पालिकांकडे आहे. तरीही नळापर्यंतचा प्रवास तिथेही जलकुंभ, झडप आणि चढ-उतार यांच्यावरच ठरतो.

म्हणून कुणी सुधारणा झाली म्हटलं की मी पहिला प्रश्न विचारतो : कुठे मोजली? नदीवरच्या पंपाशी, शुद्धीकरण केंद्राच्या बाहेर, जलकुंभाच्या तोंडाशी, की शेवटच्या नळाला? चारही ठिकाणची उत्तरं वेगळी येतात. दरवाढीचं समर्थन बहुतेक वेळा पहिल्या दोन ठिकाणच्या आकड्यांवर होतं आणि नागरिक बोलतात चौथ्या ठिकाणाबद्दल. त्यामुळे दोघंही प्रामाणिक असूनही भांडण मिटत नाही.

एक अनुभव सांगतो. शहराचं नाव घेत नाही. नवा जलकुंभ, १५ लाख लिटरचा, रंगबिंग देऊन तयार. उद्घाटन होऊन सहा महिने झाले आणि शेवटच्या दोन गल्ल्यांत पाणी पूर्वीपेक्षा कमी झाल्याची तक्रार. कंत्राटदाराची कागदपत्रं चोख, वाहिनीची दाबचाचणी पास. मी पहाटे साडेचारला जलकुंभावर गेलो. तिथला व्हॉल्व्हमन मफलर गुंडाळून चहा पीत होता. पातळीची नोंदवही मागितली तर त्याने ती लगेच दिली. सहा महिन्यांत पाण्याची पातळी एकदाही सव्वा मीटरच्या वर गेली नव्हती. भरणारी झडप आणि सोडणारी झडप जवळपास एकाच वेळी उघडत होती, म्हणजे टाकी मध्ये असून नसल्यासारखी. पाणी उंचीवर साठून दाब तयार होण्याऐवजी तसंच पुढे निघून जात होतं. मी विचारलं, सोडताना किती आटे उघडता? तो म्हणाला, ‘साहेब, चार. जास्त उघडलं तर वरच्या गल्लीत फुटते लाइन.’ वरच्या गल्लीतली जुनी वाहिनी बदलायची राहिली होती आणि कागदावर ती पुढच्या टप्प्यात होती. सगळी गोष्ट त्या माणसाला माहीत होती. त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून मी मोठ्या अहवालाआधी ती नोंदवही वाचतो.

आता तुमच्या सोसायटीचं. आधीची नोंद नसेल तर सुधारणा सिद्धही करता येत नाही आणि नाकारताही येत नाही. तुमच्या दोन वर्षांपूर्वीच्या नोंदी कुठे मिळतील? पहिली जागा तुमचीच जुनी पाण्याची बिलं. मीटर चालू असेल तर दर बिलावर मागचं आणि चालू वाचन असतं. त्यातून दिवसाची सरासरी निघते. दुसरी जागा टँकरची बिलं. कुठल्या महिन्यात किती टँकर घेतले हे खजिनदाराच्या फायलीत हमखास सापडतं, आणि माझ्या अनुभवात टँकरच्या पावत्या हा पाणीपुरवठ्याचा सर्वांत खरा आरसा असतो. तिसरी जागा पंपाचं वीजबिल, पण ते मोघम धरा.

त्यानंतर आजची नोंद सुरू करा. १०८ घरं, घरटी चार माणसं धरली तर ४३२ माणसं. माणशी १३५ लिटरने रोजचे ५८ हजार लिटर होतात, म्हणजे मीटरवर ५८ युनिट. खालच्या टाकीजवळ एक वही टांगा. पाणी यायच्या आधीचं वाचन, धार स्थिर झाल्यावरचं वाचन, पाणी गेल्यावरचं वाचन, आणि तिन्हींची वेळ. वॉचमनला दहा मिनिटांत शिकवता येतं.

मधलं वाचन कशाला, असं तुम्ही विचाराल. पाणी बंद असताना वाहिनी रिकामी असते. व्हॉल्व्ह उघडला की पाण्यापुढे हवा धावते. मीटरजवळ कान नेलात तर फुस्स आवाज येतो आणि काटा पाणी नसतानाच गरगर फिरतो. ती हवा बिलातही जाते आणि तुमच्या नोंदीतही. एअर व्हॉल्व्ह बिघडलेले असतील तर हे जास्त होतं. पहिलं आणि मधलं वाचन यातला फरक रोज मोठा दिसला तर ती स्वतंत्र तक्रार आहे, आणि ती दुरुस्त करायला फार पैसा लागत नाही.

तासांवर जाऊ नका. पाणी दोन तासांऐवजी तीन तास येतं म्हणून सोसायटीतले अर्धे लोक सुधारलं म्हणत असतील. पण झडप कमी आट्यांवर ठेवली तर तेच पाणी तीन तास पुरतं. दोन तासांत ४० युनिट येत होती आणि आता तीन तासांत ४१ येतात, तर बदल एका युनिटचाच. ताशी किती लिटर आणि दिवसाला किती लिटर, हे दोन्ही स्तंभ वहीत असू द्या. तुमच्याकडचं भांडण बहुधा त्यावरच मिटेल.

दाबासाठी पाच-सहाशे रुपयांचा दाबमापक मिळतो. शून्य ते चार किलोचा घ्या, मोठा घेतलात तर काटा तळाशीच हलतो. तो टाकीत पडण्याच्या आधीच्या नळाला लावा. इथे एक चूक सगळे करतात. टाकीचा कॉक बंद करून वाचन घेतात. पाणी थांबलं की दाब चढतो आणि काटा सुखद दिसतो. ते वाचन फसवं असतं. टाकी भरत असताना, शेजारच्या सोसायट्याही पाणी घेत असताना, सकाळच्या गर्दीच्या वेळेचं वाचन खरं. केंद्राच्या १९९९ च्या नियमावलीत फेरूलपाशी, म्हणजे मुख्य वाहिनीतून तुमची जोडणी निघते तिथे, किमान शिल्लक दाब एकमजली भागात ७ मीटर, दुमजलीत १२ आणि तीनमजलीत १७ मीटर सांगितला होता. दाबमापकावर एक किलो म्हणजे पाणी साधारण १० मीटर उंच चढवणारा दाब. तुमचं वाचन ०.३ किलो आलं तर मोटर लावल्याशिवाय तळमजल्याच्या वर पाणी चढणार नाही, हे कुणालाही समजावता येईल. आणि हो, कुणी वाहिनीवर थेट बूस्टर पंप लावला असेल तर तो आधी काढायला लावा. तो पुढच्या घरांचं पाणी ओढतोच, शिवाय वाहिनीत पोकळी करून गटाराचं पाणी सांध्यांतून आत खेचतो.

गुणवत्तेबद्दल थोडंच सांगतो, कारण पालिकांची प्रयोगशाळा सहसा हे काम बऱ्यापैकी करते. नळाला शेष क्लोरीन, म्हणजे शुद्धीकरणानंतर पाण्यात उरलेला, दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. क्लोरोस्कोपमध्ये दोन थेंब टाकून पिवळा रंग जुळवला की एका मिनिटात कळतं. पण नमुना कधी घेतला हे महत्त्वाचं. बंद वाहिनीत रात्रभर झिरपलेली घाण पहाटेच्या पहिल्या दहा मिनिटांत येते. अधिकृत नमुना अकरा वाजता घेतलेला असेल तर तो पास होणारच. तुम्ही पहिल्या पाच मिनिटांचा नमुना घ्या आणि अर्ध्या तासानंतरचा दुसरा. पहिला वारंवार गढूळ आणि क्लोरीन शून्य असेल, तर तुमच्या गल्लीत कुठेतरी सांधा उघडा आहे. तारीख-वेळ घालून लेखी कळवा. अशा तक्रारीवर खातं लवकर हलतं, कारण त्यात साथीचा धोका असतो हे त्यांनाही माहीत आहे.

आता पालिकेकडून काय मागायचं. माहिती अधिकारात ‘केलेल्या सुधारणांची माहिती द्यावी’ असं लिहू नका. उत्तरात कामांची यादी आणि खर्च येईल. महाराष्ट्रात अर्ज एका विषयावर आणि १५० शब्दांत बसवायचा असतो, म्हणून नेमकी कागदं मागा : तुमच्या जलकुंभाची मागच्या तीन महिन्यांची पातळी नोंदवही, तुमच्या झोनच्या व्हॉल्व्ह उघडण्या-बंद करण्याच्या वेळा, जलकुंभाच्या बाहेरच्या मीटरची रोजची वाचनं आणि त्या मीटरच्या तपासणीचं प्रमाणपत्र. दुसऱ्या अर्जात योजनेच्या सविस्तर प्रकल्प अहवालातलं एकच प्रकरण मागा, ज्यात संकल्पनेसाठी धरलेली लोकसंख्या, माणशी पाणी आणि शेवटच्या टोकाचा दाब लिहिलेला असतो. तो कागद म्हणजे पालिकेनेच दिलेलं वचन. वाहिन्यांसाठी तीस वर्षांचा आणि साठवण टाक्यांसाठी पंधरा वर्षांचा विचार करायचा असतो, त्यामुळे पहिल्या-दुसऱ्या वर्षात तर दाब मुबलकच मिळायला हवा. नसेल मिळत तर कारण जोडणीत, झडपेत किंवा राहून गेलेल्या टप्प्यात आहे. लोकसंख्या वाढली हे उत्तर इतक्या लवकर लागू पडत नाही.

अर्ज न करताही बरंच दिसतं. २०१८ च्या शासन निर्णयाने स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यायची सोय आहे. दोघं-तिघं जा, वही घेऊन. कनिष्ठ अभियंत्याशी सरळ बोला. वर्षानुवर्षं याच खात्यात काढलेला माणूस म्हणून सांगतो, आकडे घेऊन शांतपणे येणारा नागरिक अभियंत्याला हवाच असतो. त्याला स्वतःलाही ती राहिलेली वाहिनी मंजूर करून घ्यायची असते आणि तुमचा अर्ज त्याच्या फायलीला जोर देतो.

तोफा डागायच्याच असतील तर रस्ते आहेत. नळजोडणीसारख्या अधिसूचित सेवा मुदतीत मिळाल्या नाहीत तर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली दोन अपिलं आणि नंतर आयोग. पैसे खर्च झाले आणि काम दिसत नाही अशी शंका असेल तर स्थानिक निधी लेखापरीक्षेच्या आक्षेपांचा अहवाल मागा. नव्या कामाचा दोषदायित्व कालावधी चालू असेल तर तो संपायच्या आत लेखी तक्रार द्या, म्हणजे दुरुस्ती कंत्राटदाराच्या खर्चाने होते. ती तारीख करारात असते. मी तुमच्या जागी असतो तर सगळ्यात आधी तीच शोधली असती.

दरवाढीला सरसकट विरोध करा असं मी म्हणणार नाही. पाणी आणायला, शुद्ध करायला, चढवायला खर्च येतो आणि बऱ्याच पालिका तो पाणीपट्टीतून भरून काढू शकत नाहीत; मग देखभालीचा पैसा कापला जातो आणि झडपा गंजतात. तुमची मागणी अशी असू द्या की दरवाढीच्या प्रस्तावासोबत प्रत्येक जलकुंभ क्षेत्राचा दाब आणि माणशी लिटर, आधीचे आणि आताचे, छापले जावेत. ही मागणी महासभेपुढे कुठल्याही नगरसेवकाला मांडता येते. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

शेवटी वेळेचं. तुलना करताना एप्रिल एप्रिलशीच लावा. भातसा, बारवी, मोरबे ही धरणं भरलेली असतात तेव्हा, ऑगस्ट-सप्टेंबरात, कुठलीही योजना यशस्वी दिसते. आणि जुलैच्या पहिल्या पुरात पिसेला गाळ आला की चांगली योजनाही गढूळ दिसते. वर्षाची खरी परीक्षा १५ एप्रिल ते १५ जून. तेव्हा दाबमापक होळीच्या आत बसवा, वॉचमनचा हात वहीवर बसायला महिनाभर लागतो. पहिल्या पंधरा दिवसांची वाचनं जरा वेडीवाकडी येतील, ती खोडू नका, तशीच ठेवा.